मालमोटारीच्या पोटातला अग्नी

महालाचा इतिहास म्हटला की पहिल्या रघूजी भोसल्यांपासून सुरुवात करावयाची, आणि तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले, राज्य इंग्रजांच्या घशात गेले, तेथे एक उसासा टाकून थांबावयाचे, अशी आपली रीत पडून गेली आहे. वाडे कोणी बांधले, दरवाजे कोणी उभारले, कोणती स्वारी बंगालवर गेली, हे शाळेतला मुलगाही सांगतो. पण त्या वाड्यांच्या मुदपाकखान्यात रोज लागणारे मीठ कसे येत होते, हे कोणी सांगत नाही. समुद्र तर नागपुराहून शेकडो मैल दूर. ते मीठ लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, महिनोन्‌महिने चालत येई. मोहिमेची वाट बखरीत नोंदली गेली. मिठाची वाट कोणी नोंदली नाही.

ही नोंदवहीतली उणीव भरून काढण्याचा आव मी आणीत नाही. मिठाच्या त्या वाटेचे अलीकडचे टोक तेवढे दाखवावयाचे आहे, आणि त्यासाठी एका इंजिनाची गोष्ट सांगावयाची आहे. चकली-अनारशांच्या ताटाशेजारी डिझेलचा वास कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, त्या ताटातला साखरेचा दाणा अन्‌ दाणा डिझेलवर बसूनच आपल्या घरापर्यंत आला आहे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सकाळी बडकस चौकात उभे राहावे, म्हणजे याचा प्रत्यय येतो. फटाक्यांची खोकी, कापडाचे गठ्ठे, तेलाचे डबे, आकाशकंदिलांचे भारे. आणि हे सारे पाठीवर घेऊन, भोसल्यांच्या हत्तीलाही वळताना विचार पडला असता अशा गल्लीत अलगद शिरणारी ती चिमुकली मालगाडी. तिला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात. हे नाव ज्याने कोणी प्रथम उच्चारले, त्याला विनोद कळत होता आणि इतिहासही.

हा छोटा हत्ती गल्लीत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. डिझेलचे इंजिन १८९७ साली चालले. मोठ्या मालमोटारीत ते आपल्याकडे १९५० नंतर रुळले. पण ज्याच्यासाठी ते मुळात कल्पिले गेले होते, त्या लहान माणसाच्या लहान गाडीत ते पोचायला २००५ साल उजाडावे लागले. हा उशीर का झाला, आणि त्या उशिराची किंमत कोणी मोजली, हेच या लेखाचे सूत्र.

*

प्रथम बैलाचे ऋण मानले पाहिजे. नागपूरकडे बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात. १८६७ साली आगगाडी नागपुरास आली, १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस वाफेच्या स्वाधीन झाला. तरीही कापसाचा बोंद शेतातून स्टेशनापर्यंत न्यायचा तो बंडीनेच, आणि स्टेशनावरचा माल इतवारीत, महालात आणायचा तोही बंडीनेच. आगगाडी शेकडो मैल तोडी; पण आरंभीचे आणि शेवटचे दोन कोस बैलाच्या मानेवरच राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरेसोरे चाकांचे लाकडी बैल ओढीत तान्हा पोळा साजरा करतात, त्यामागे ही कृतज्ञता आहे.

या बंडीची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती चालविणारा बहुधा तिचा मालक असे. बैल त्याचा, चाक गावच्या सुताराने घडविलेले, धाव गावच्या लोहाराने चढविलेली. मोडले तर गावातच दुरुस्त होई. वाफेच्या यंत्राचे तसे नव्हते. ते कोणा शेटजीचे किंवा कंपनीचेच असावयाचे. कारण ते प्रचंड, महाग आणि भुकेले. शंभर रुपयांचा कोळसा जाळावा तेव्हा जेमतेम दहा रुपयांचे काम पदरात पडे. बाकीची उष्णता धुराड्यातून आकाशाला अर्पण.

ही उधळपट्टी एका तरुण जर्मन अभियंत्याला सहन झाली नाही. त्याचे नाव रुडॉल्फ डिझेल. जन्म पॅरिसचा, १८५८ चा; घराणे बव्हेरियाचे. डिझेल हे तेलाचे नाव नसून माणसाचे नाव आहे, हे ऐकून आजही माझ्या वर्गातली मुले एकमेकांकडे पाहतात. या माणसाच्या डोक्यात दोन विचार होते. एक शास्त्राचा: उष्णता वाया न घालविणारे यंत्र करता येईल. दुसरा समाजाचा: असे यंत्र लहान असेल, स्वस्तात चालेल, आणि विणकर, सुतार, छोटे कारागीर यांना ते घेता येईल, मग मोठ्या वाफेच्या मालकापुढे त्यांना हात जोडावे लागणार नाहीत. पुढे १९०३ साली त्याने कामगारांच्या सहकारावर एक ग्रंथही लिहिला. यंत्र करणारा माणूस समाजाचाही विचार करतो, हे दृश्य तेव्हाही विरळच होते.

त्याच्या यंत्राची युक्ती समजायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. सायकलीचा पंप घ्यावा, तोंडाशी बोट दाबून दांडा भराभर मारावा. पंपाचे टोक हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते, एवढेच ते रहस्य. पेट्रोलच्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण बेताने दाबून विजेच्या ठिणगीने पेटवितात. डिझेलने ठिणगीच काढून टाकली. त्याने नुसती हवा घेऊन ती इतकी दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापली. आणि अशा तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. काडी नाही, चकमक नाही. नुसत्या दाबातून अग्नी. १८९२ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला, आणि पाच वर्षांच्या खटपटीनंतर, एकदा तर स्फोटातून जीव वाचवून, १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचे यंत्र तज्ज्ञांसमोर चालले. उष्णतेचा चौथा हिस्सा आणि वर थोडा, एवढा भाग त्याने कामी लावला. त्या काळी ही मजल कोणत्याही इंजिनाला गाठता आली नव्हती.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात यापैकी एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले गेले. शेतकऱ्याने आपल्या रानातले तेल आपल्या यंत्रात घालावे, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

पण दैवाची चेष्टा पाहा. हवा इतकी दाबायची म्हणजे इंजिनाचे अंग जाड ओतीव लोखंडाचे हवे. तेल आत सोडायला तेव्हा वेगळा, अवजड हवेचा पंप लागे. त्यामुळे ते यंत्र माणसाहून उंच आणि कित्येक टन वजनाचे झाले. ते कारागिराच्या खोलीत मावेना. गेले ते मोठ्या कारखान्यांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. लहान माणसासाठी कल्पिलेले यंत्र मोठ्यांच्या आणि लढणाऱ्यांच्या हाती पडले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवरून इंग्लंडला जाताना डिझेल नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडले. तो कर्जाने गांजला होता. मृत्यूविषयी तर्क पुष्कळ झाले. निश्चित एवढेच की आपले यंत्र रस्त्यावर धावताना पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ते काम पुढच्यांनी केले. १९२३-२४ साली जर्मनीत पहिल्या डिझेल मालमोटारी निघाल्या, आणि १९२७ पासून बॉश कंपनीचा मुठीत नव्हे, पण कवेत मावेल असा तेलाचा पंप मिळू लागला. त्या पंपाने डिझेलला चाके दिली.

*

महाराष्ट्रात हे इंजिन आले ते रस्त्याने नव्हे, विहिरीच्या काठाने. साताऱ्यास धनजीशा कूपर यांचा कारखाना लोखंडी नांगर करीत असे. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान होते.) या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिन करून दाखविले, देशातल्या अगदी पहिल्या इंजिनांत त्याची गणना होते. पुढे हा कारखाना वालचंद हिराचंदांच्या समूहाकडे गेला. इकडे किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० पासून लक्ष्मणराव किर्लोस्कर नांगर, चरक, पंप घडवीत होते. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभारला. ज्या घराण्याच्या मासिकाने मराठी घरांत कथा-कादंबऱ्या पोचविल्या, त्याच घराण्याच्या इंजिनाने मराठी मळ्यांत पाणी पोचविले. मोट थांबली आणि मळ्यामळ्यांतून त्या इंजिनाचा ठेका ऐकू येऊ लागला. डिझेलचे स्वप्न प्रथम खरे केले ते आमच्या बागायतदाराने, असे म्हणायला हरकत नाही.

रस्त्यावर मात्र पेट्रोलचे राज्य होते. फोर्ड, शेव्हरोले, डॉज या अमेरिकन लॉऱ्या मुंबईत जुळवून देशभर जात. पेट्रोल स्वस्त होते तोवर ठीक चालले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या त्या गाड्या चढावर उतारूंना खाली उतरवीत, अशा गोष्टी जुन्या पिढीतले लोक सांगत. परदेशी तेलावर आणि परदेशी गाडीवर अवलंबून राहणे म्हणजे काय, याचा तो देशाला मिळालेला धडा होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले. १९५३ च्या जकात आयोगाने शिफारस केली, की ज्यांना येथे गाड्या खरोखर घडवावयाच्या आहेत त्यांनीच राहावे. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी नव्हे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. उरलेल्यांत मालमोटार घेणाऱ्यापुढे मुख्यतः तीन वाटा होत्या. वालचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, मुंबईत कुर्ल्यास होणाऱ्या डॉज आणि फार्गो. नावे दोन, गाडी जवळजवळ एकच. त्यांत मद्रासच्या सिम्पसन कंपनीत होणारे पर्किन्स जातीचे डिझेल इंजिन बसू लागले. दुसरी मद्रासचीच लेलँड, ‘कॉमेट’ नावाने १९५१ पासून येणारी. दणकट म्हणून तिची ख्याती. आणि तिसरी टाटांची. आगगाडीची इंजिने करण्यासाठी १९४५ साली जमशेदपुरास काढलेल्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिली टाटा-मर्सिडीज मालमोटार बाहेर पडली. नागपुरात वाफेवर पहिला मोठा डाव मांडणाऱ्या घराण्याने असा डिझेलवर दुसरा डाव मांडला.

डिझेल जिंकले ते कशामुळे? मालमोटारीच्या मालकाचा हिशेब चार ओळींचा असतो: तेल, हप्ता, दुरुस्ती, भाडे. तेवढ्याच तेलात डिझेलची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा साधारण दीडपट अंतर तोडी. शिवाय शेती आणि वाहतूक यांना झळ पोचू नये म्हणून सरकारने डिझेलवर कर कमी ठेवला. इंजिन महाग, आवाज मोठा, थंडीत सुरू करताना नखरे. पण नागपुराहून संत्री भरून दिल्लीच्या वाटेला लागणाऱ्या गाडीला या उणिवा पहिल्या फेरीतच विसरता येत. एक हमरस्ता वाराणसीहून कन्याकुमारीकडे, दुसरा पश्चिम किनाऱ्याहून कलकत्त्याकडे. दोघांची गाठ नागपुरास. देशाच्या चारी दिशांची मालमोटार या शहराच्या अंगणातून जाऊ लागली. रामटेक-तुमसरकडचे मँगनीज, उमरेडचा कोळसा, इतवारीचे धान्य, सारे हौद्यात चढले.

याच काळात एक नवी जमात उदयास आली. कादंबरीकार म्हणून मला मोठमोठ्या कारखानदारांपेक्षा तिचेच कुतूहल अधिक. ती म्हणजे एका गाडीच्या मालकांची. क्लीनर म्हणून सुरुवात करावयाची, ताडपत्री बांधता बांधता चाक हाती घ्यावयाचे, दहा-पंधरा वर्षांनी बायकोचे दागिने आणि सावकाराचे कर्ज मिळवून जुनी गाडी घ्यावयाची. ही गाडी टिकली ती रस्त्याकाठच्या मिस्त्रीमुळे. या मिस्त्रीने जर्मनी पाहिली नव्हती. पण नोझलचा फवारा हातावर घेऊन तो दोष सांगे, तेलाच्या नळीत शिरलेली हवा चार मिनिटांत काढून देई, आणि लायनर-पिस्टन बदलून झाडाखाली आख्खे इंजिन बांधी. बंडीला जसा सुतार-लोहार, तसा मालमोटारीला हा मिस्त्री. त्याच्या हातात जे मावते तेच इंजिन या देशात चालले. कारखान्यात कोणते इंजिन करावयाचे हे अभियंते ठरवीत. कोणते जगावयाचे हे तो ठरवी.

मालमोटारीच्या अंगावरचे आकडेही तेव्हा लोकांच्या तोंडी बसले. बारा-दहा, सोळा-बारा, चारशे सात. पुष्कळांना ही नुसती नावे वाटतात. ती खरे तर पत्रिका आहेत. १२१० म्हणजे भरल्या गाडीचे वजन बारा टन आणि इंजिन शंभर अश्वशक्तीच्या आसपास. १६१२ म्हणजे सोळा टन आणि एकशेवीस. इंजिनांचीही अशीच नावे: ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास सत्त्याण्णव मिलिमीटर, ४९७ म्हणजे त्याच मापाचे चार. मागच्या फाळक्याजवळ ‘टीसी’ लिहिलेले दिसले, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबली आहे असे समजावे. ‘डीआय’ म्हणजे तेल आधी एका छोट्या कोठडीत पेटवून मग सिलिंडरात आणण्याऐवजी थेट सिलिंडरातच सोडणे. त्याने तेल वाचते. मुलांना प्रवासात कंटाळा आला तर हे आकडे वाचावयास शिकवावे. पाढ्यांपेक्षा ते लवकर शिकतात.

१९६९ साली जर्मन करार संपला, गाडीच्या तोंडावरचा तारा गेला आणि टाटांचे ‘टी’ आले. त्याआधीच सुमंत मुळगावकर या अभियंत्याने पुण्याजवळ पिंपरीच्या उजाड माळावर दुसरा कारखाना मांडला होता. तेथे आधी हत्यारे, साचे आणि माणसे घडविली. शेजारी तळे केले, झाडे लावली. आणि १९७७ साली तेथून पहिली मालमोटार निघाली. सुरुवातीपासून तोवर दहाबारा वर्षे गेली. एवढा धीर धरणारा कारखानदार विरळा. नागपूरशेजारी भंडाऱ्यासही १९८२ साली अशोक लेलँडचा कारखाना आला.

*

हे झाले मोठ्या गाडीचे. पण मोठी गाडी गांधी गेटाच्या आत महालाच्या गल्लीत शिरत नाही. शेवटचे दोन कोस अजून उरलेलेच होते.

त्यांसाठी १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीच्या टेम्पो कारखान्याशी करार करून तीन चाकांची हॅन्सीट गाडी आणली. ती इतकी पसरली, की ‘टेम्पो’ हे एका कारखान्याचे नाव न राहता मराठीतला सामान्यनाम झाले. आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याला टेम्पोच. भाषेने एखाद्या यंत्राला याहून मोठा मान तो काय द्यावा! पण तिचे इंजिन पेट्रोलचे होते. पुढे मॅटाडोर आली, महिंद्रांच्या जीपा होत्याच. पेट्रोलचे दर वाढले तसे लोकांनी गावोगावी जीपांची पेट्रोल इंजिने काढून डिझेलची बसविली. महिंद्रांनीही आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे डिझेल इंजिन आपल्या गाड्यांत घेतले.

लहान डिझेल इंजिन करणे अवघड का, असा प्रश्न येथे पडेल. उत्तर त्या दाबात आहे. इंजिन लहान केले तरी दाब तेवढाच लागतो. म्हणून लोखंड जाड ते जाडच. तेलाचा फवारा मात्र थेंबाच्याही अंशाइतका सूक्ष्म आणि अचूक लागतो. म्हणजे धडधड, वजन आणि पंपाची किंमत यांतले काही फारसे घटत नाही; घटते फक्त भाडे मिळविण्याची ताकद. मोठ्या गाडीला परवडणारे शहाणपण लहान गाडीला परवडत नाही, हा यंत्राचा नियम आहे; संसाराचाही तोच.

ही कोंडी टप्प्याटप्प्याने सुटली. १९८० नंतर टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या देशी भागीदार घेऊन हलक्या मालगाड्यांच्या धंद्यात उतरल्या. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ साली ४०७ काढली आणि ती जिंकली. कारण तिचे भाग सर्वत्र मिळत आणि मिस्त्रीला तिचे पोट ओळखीचे होते. १९८८ साली टाटामोबाइल आली. तिच्यापासून पिकअपची जात आपल्याकडे रुजू लागली, आणि पुढे २०७ डीआय व महिंद्रांची बोलेरो पिकअप ही नावे बाजारपेठांत घरगुती झाली. तरीही तीनचाकी आणि पिकअप यांच्यामध्ये एक पायरी मोकळीच होती. तीनचाकीवाल्याला चार चाके हवी होती; पण त्याच्या ऐपतीची नव्हती.

ती पायरी मे २००५ मध्ये बसली. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांच्या तुकडीने टाटा एस ही गाडी सिद्ध केली. तिच्या इंजिनाची युक्ती घरच्या गृहिणीला सहज पटेल. इंडिका मोटारीचे चार सिलिंडरांचे १४०५ घनसेंटिमीटरांचे डिझेल इंजिन होते. ते निम्मे केले. दोन सिलिंडर, ७०२ घनसेंटिमीटर, सोळा अश्वशक्ती. पाऊण टन माल आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. दोन भाकऱ्यांच्या पिठात एकच भाकरी करावयाची, पण पोट भरले पाहिजे, अशातला हा प्रकार. बारा-तेरा वर्षांत अशा वीस लाखांच्या घरात गाड्या खपल्या. घेणारे बहुतेक पहिल्यांदाच मालक होणारे. भाजीवाला, दूधवाला, कालपर्यंत दुसऱ्याची रिक्षा चालविणारा. एकशेआठ वर्षांनी ऑग्सबुर्गचा अग्नी लहान माणसाच्या दारात येऊन थांबला.

*

कथा येथे संपविली असती तर दिवाळीला शोभली असती. पण इतिहास सणवार पाहत नाही.

त्या अग्नीला धूर होता. जुन्या डिझेलात गंधकाचे प्रमाण फार असे, आणि इंजिनाच्या तोंडातून काजळीचे बारीक कण बाहेर पडत. अरुंद गल्लीत हा धूर वर जात नाही. तो ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत जातो. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत बसविले. स्वस्त वाहतुकीची किंमत कोणीतरी श्वासाने मोजीत होते, हे मान्य करावे लागले. सरकारने नियम कडक करीत नेले, आणि १ एप्रिल २०२० पासून एक पायरी वगळून एकदम ‘बीएस सहा’ लागू झाले. तेलातले गंधक दहा लाख भागांत दहावर आले. त्याआधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रणही उठले होते.

हवा सुधारावयाची तर हे आवश्यकच होते. त्याविषयी दुमत नसावे. पण परिणाम दुहेरी झाला. आता इंजिनाच्या मागे काजळी गाळणारी चाळणी आली, मोठ्या गाड्यांत युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली, आणि तेलाचा फवारा विजेच्या मेंदूच्या हुकमाने सुटू लागला. झाडाखालच्या मिस्त्रीचा हात तेथे पोचत नाही. हातावर फवारा घेऊन दोष सांगणारा माणूस आता संगणकाच्या पडद्यासमोर परका झाला आहे. मोठ्या गाडीला हा खर्च झेपतो. लहान गाडीला नाही. कारण तोच, लहान इंजिनाला शहाणपण परवडत नाही. म्हणून २०२० नंतर छोट्या हत्तीच्या पोटात पेट्रोल आले, आणि २०२२ पासून विजेची गाडीही आली. मोठ्यांसाठीही पर्याय शोधले जात आहेत. जुलै २०२१ मध्ये नागपुरातच कामठी रस्त्यावर द्रवरूप नैसर्गिक वायू भरण्याचे केंद्र सुरू झाले, आणि खाजगी क्षेत्रातले देशातले पहिले म्हणून ते गाजले.

तेव्हा आज गाडी घ्यावयाला निघालेल्या माणसापुढे, त्याच्या आजोबापुढे नव्हती एवढी निवड आहे. रोज दोन-अडीचशे किलोमीटर, जड माल, घाटाचा रस्ता असेल तर डिझेलला अजून तोड नाही. इतवारी ते महाल, महाल ते सक्करदरा अशा दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरांच्या फेऱ्या असतील, तर डिझेलची महाग दुरुस्ती डोक्यावर घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही; वायू किंवा वीज पाहावी. इतके गणित कोणीही मांडून देईल. पण इतिहास वाचणाऱ्याने त्या चार ओळींच्या हिशेबात पाचवी ओळ घालावी: बिघडले तर उघडणार कोण? बंडी टिकली ती गावच्या सुतारामुळे, मालमोटार टिकली ती मिस्त्रीमुळे, आणि ४०७ ने चार जपान्यांना हरविले तेही त्याच्याच बळावर. नव्या गाडीचे पोट उघडण्याची विद्या जर केवळ कंपनीच्या कार्यशाळेत कोंडून राहिली, तर गाडी नावाने मालकाची आणि कर्माने कंपनीची होईल. हप्ता त्याचा, किल्ली दुसऱ्याची.

यावर उपाय नाही असे नाही. मिस्त्रीच्या मुलाला ही नवी विद्या औद्योगिक शाळांतून स्वस्तात मिळाली पाहिजे. गाडीची चिकित्सा करण्याची साधने आणि माहिती कार्यशाळेच्या भिंतीबाहेर आली पाहिजे. बापाने नोझल ओळखले, मुलगा बॅटरी ओळखील. बुद्धी त्या घरात कमी नाही. दार तेवढे उघडे हवे.

रुडॉल्फ डिझेलला तेलाचे प्रेम नव्हते. तो तर भुईमुगाचेही तेल चालवून घेणारा माणूस. त्याला हवे होते ते लहान माणसाच्या मालकीचे, त्याच्या आटोक्यातले यंत्र. ते आमच्याकडे विहिरीच्या काठाने आले, हमरस्त्याने फिरले आणि अखेर गल्लीत शिरले. आता त्याच्या पोटात तेल जळो, वायू जळो की नुसती वीज खेळो, महालातल्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याला श्वास सुखाने घेता यावा, आणि गाडीवाल्याच्या हातची किल्ली त्याच्याच हाती राहावी. एवढे साधले तर मिठाची पुढची वाट कोणीतरी अभिमानाने लिहून ठेवील.